क्ष-किरणांना न दिसणारी कळ

शिरोली औद्योगिक वसाहतीतील फौंड्र्यांनी कोल्हापूरचे नाव यंत्रोद्योगात दूरवर पोहोचविले, हे निर्विवाद आहे. तेथील उत्पादनाचा हिशेब टनांत ठेवला जातो. परंतु जमिनीवर उकिडवे बसून वाळूचा साचा ठोकणाऱ्या मोल्डरच्या गुडघ्यांची झीज मात्र कोणत्याच वहीत लिहिली जात नाही.

असा कामगार गुडघा धरून दवाखान्यात जातो. क्ष-किरण चित्रात झीज बेताचीच दिसते. त्याची तक्रार मात्र मोठी असते. मग 'कामचुकार' हा शिक्का बसावयास वेळ लागत नाही. हा शिक्का अन्यायाचा तर आहेच. पण तो अशास्त्रीयही आहे.

वस्तुतः झिजणाऱ्या कूर्चेला चेतातंतू नसतातच. ते असतात हाडात, सांध्याच्या अस्तरात आणि अस्थिबंधांत. तेथून महिनोन्महिने वेदनेचे संदेश जात राहिले, की मज्जारज्जू व मेंदू अधिक संवेदनशील होतात. क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून मज्जारज्जूतील हा बदल दाखवून दिला. मग दुखण्याचे रूपच पालटते. आग होते, मुंग्या येतात, विजेचा झटका बसल्यासारखी कळ उठते, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. गुडघ्याच्या संधिवाताच्या सुमारे पाव रुग्णांत अशी चेताजन्य स्वरूपाची लक्षणे आढळतात, असे प्रश्नावलींवर आधारलेली पाहणी सांगते. क्ष-किरण हाड दाखवितात. चेतासंस्थेची ही अवस्था त्यांच्या कक्षेबाहेरची आहे.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या अशा कळीवर पुरेशा लागू पडत नाहीत. म्हणून रुग्ण त्या वाढवीत जातो आणि जठर व मूत्रपिंड यांना धोका पोहोचवितो. चेतासंस्थेवर काम करणारी निराळी औषधे आहेत. पण ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. गुडघा बदलल्यानंतरही सुमारे पाचांतील एका रुग्णाचे दुखणे रेंगाळते. शस्त्रक्रियेपूर्वीच चेतासंस्था संवेदनशील झालेली असेल, तर हा धोका वाढतो. म्हणून 'आग होते का, मुंग्या येतात का' हे दोन प्रश्न विचारणे आणि मधुमेह वा कमरेतील शीर दबणे ही कारणे तपासून पाहणे, हे वैद्याचे पहिले कर्तव्य ठरते.

प्रश्न वैद्यकापाशीच संपत नाही. जर्मनीने 2009 मध्ये गुडघ्याचा संधिवात व्यावसायिक रोगांच्या यादीत घातला. गुडघे टेकून वा तत्सम स्थितीत आयुष्यात किमान 13,000 तास आणि पाळीत किमान एक तास काम, ही तेथील अट आहे. आपल्याकडे वर्षातील 300 दिवस रोज चार तास उकिडवा बसणारा मोल्डर अकरा वर्षांतच ही मर्यादा ओलांडील! ब्रिटननेही 2009 मध्ये भूमिगत कोळसा खाणकामगारांना अशीच मान्यता दिली. आपल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत सिलिकोसिस होता, गुडघा नव्हता. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्याला जागा मिळालेली नाही.

कारखानदारांची अडचण समजण्याजोगी आहे. स्पर्धा तीव्र आहे आणि यंत्राने साचे भरणे प्रत्येक लहान फौंड्रीला परवडणारे नाही. परंतु साचा कमरेच्या उंचीच्या ओट्यावर घेणे, जड कास्टिंगसाठी ढकलगाडी देणे, पाळीत कामांची अदलाबदल करणे यांस फार भांडवल लागत नाही. वार्षिक वैद्यकीय तपासणीत गुडघ्याचे चार प्रश्न घालण्यास तर काहीच लागत नाही. शासनाने यादीचा फेरविचार करावा. कारखानदारांनी मात्र त्यासाठी थांबू नये.

कास्टिंगमधील न दिसणारा दोष शोधण्यासाठी आपण यंत्रे आणतो. ते ओतणाऱ्या माणसाच्या न दिसणाऱ्या दुखण्यासाठी निदान त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयास काय हरकत आहे?