गाठ निघाली, पण कशी?



'दुर्बिणीतून करू, दोन-तीन टाके, लवकर घरी.' गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींचं ऑपरेशन ठरलं की हे हमखास ऐकू येतं. ते खोटंही नाही. पण संत्र्याएवढी गाठ एवढ्याशा छेदातून बाहेर येते कशी, हे आपण विचारत नाही. डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास, हा संस्कार आपण सामानाबरोबर थेट टूवूंबापर्यंत आणला आहे.

उत्तर साधं आहे. गाठीचे आधी पोटातच तुकडे करतात. त्यासाठी मॉर्सेलेटर नावाचं फिरत्या पात्याचं यंत्र असतं. एखादा तुकडा मागे राहिला, तर क्वचित तो पोटाच्या आतल्या आवरणाला चिकटतो, रक्तपुरवठा मिळवतो आणि वाढतो. काही वर्षांनी सापडणाऱ्या या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात, पण स्कॅनवर पसरलेल्या कर्करोगासारख्या दिसू शकतात.

मूळ गाठीतच कर्करोग लपलेला असला, तर मात्र जिवावर बेततं. अमेरिकेतल्या डॉ. एमी रीड स्वतः भूलतज्ज्ञ. २०१३ साली अशाच ऑपरेशनमध्ये त्यांचा लपलेला कर्करोग पोटात पसरला; २०१७ साली त्या गेल्या. त्यांनी आणि त्यांच्या पतीने आवाज उठवला. २०१४ साली तिथल्या एफडीएने इशारा दिला: फायब्रॉइडसाठी ऑपरेशन होणाऱ्या साधारण ३५० स्त्रियांत एकीला असा कर्करोग असू शकतो. हा अंदाज अनेक तज्ज्ञांना जास्त वाटला. तरी २०२० साली एफडीएने सांगितलं, की यंत्र वापरायचंच तर गाठ पिशवीत ठेवूनच कापा.

दुर्बीण वाईट, असं मी म्हणत नाही. मोठ्या छेदाचेही त्रास आहेत. पण निवड करायची तर माहिती आधी हवी. गाठ पोटात कापणार का? पिशवीत कापणार का? कर्करोगाची शक्यता कशी तपासली? हे तीन प्रश्न उद्धटपणाचे नाहीत.

आपल्यापुरता आणखी एक मुद्दा. ऑपरेशन पुण्या-नागपुरात झालेलं असतं आणि नवी गाठ दिसते इथल्या स्कॅनवर. जुनी ऑपरेशन नोट आणि बायॉप्सी रिपोर्ट हाती असला, तर इथल्या डॉक्टरांच्या निदानाची दिशा बदलू शकते. आपल्याकडे सांगायला असतं फक्त 'गाठ काढली होती'. कागद तिकडे माळ्यावर.

तेव्हा आज घरी फोन कराल, तेव्हा ती फाईल तेवढी शोधायला सांगा. स्वतःची, बहिणीची, आईचीसुद्धा.