बारसे जरा उशिरा!

‘आफ्रिकेचे सिक्लिड’ एवढेच सांगून दुकानदार पिशवीत पिल्ले घालून देतो. घरी मुले विचारतात, “यांची जात कोणती?” रंग पाहून लगेच नाव ठेवू नये. मलावी सरोवरातल्या केनयीचेच पाहा ना! पिल्लू निळसर, अंगावर गडद उभे पट्टे. मादी बहुधा तशीच राहते. नर मात्र वयात आला की पिवळाधमक होतो. तिथल्याच ऑराटसची तऱ्हा उलटी. पिल्लू पिवळे, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळे आडवे पट्टे. मोठेपणी नर काळपट पडतो!

म्हणून रंगाआधी पट्टे उभे की आडवे ते पाहावे. जमल्यास आईबाप पाहून घ्यावेत. जवळच्या जाती एका टाकीत वाढल्या तर संकर होतो आणि त्या पिल्लांना कोणतेच नाव लागू पडत नाही.

ही नुसती हौस नव्हे. केनयी नि ऑराटस दोघेही मोठे भांडखोर. गरीब स्वभावाच्या माशांचे पर फाडतात, प्रसंगी जीवही घेतात. तेव्हा ओळख पटेपर्यंत पिल्ले वेगळ्या टाकीत ठेवावीत. नकोशी झाली तरी तळ्यात मात्र सोडू नयेत. दुकानदाराला परत द्यावीत.