घरची मोटार : कुल, शील आणि हिशेब

जुनी वस्तु विकत घेणें म्हणजे कमीपणा, ही समजूत आपल्या घरांतून आतां बरीचशी मावळली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मोटारीच्या बाबतींत तर ती मावळावी हेंच योग्य. नवी मोटार दुकानाबाहेर पडतांच तिची किंमत उतरूं लागते. हा पहिला मोठा उतार मूळ मालकानें सोसलेला असतो आणि दुसऱ्या मालकास त्याचा अनायासें लाभ होतो. मात्र हा लाभ पदरांत पडावयाचा तर डोळे उघडे हवेत.

“रोजच्या वापरास लहान, कमी पेट्रोल पिणारी जुनी गाडी कोणती घ्यावी?” असें पुष्कळ गृहस्थ विचारतात. एखादें नांव सांगून मोकळें होणें सोपें आहे. पण त्यानें विचारणाराचें हित साधत नाहीं. आपल्याकडे सोयरीक जुळवितांना कुल आणि शील यांची चौकशी करण्याची चाल आहे. केवळ रूपावर भाळणारास वडील मंडळी वेळींच थांबवितात. तोच विवेक येथेंही हवा. मोटारीचें कुल म्हणजे तिचे कागदपत्र. शील म्हणजे आजवर तिला कसें वागविलें गेलें तें. आणि ज्याचा एवढा गाजावाजा होतो तें ॲव्हरेज हा तिच्या अनेक गुणांपैकीं एक गुण.

प्रथम या ॲव्हरेजचाच हिशेब मांडूं. समजा, घरची गाडी महिन्यास ५००, म्हणजे वर्षास ६००० किलोमीटर चालते. लिटरला १० किलोमीटर जाणारी गाडी वर्षांत ६०० लिटर पेट्रोल घेईल, १५ जाणारी ४००, २० जाणारी ३०० आणि २५ जाणारी २४०. म्हणजे दहावरून पंधरावर आल्यानें २०० लिटर वांचतात, पंधरावरून वीसवर आल्यानें १००, आणि वीसवरून पंचविसावर आल्यानें अवघे ६०! आंकडा प्रत्येक वेळीं पांचनेंच वाढतो. बचत मात्र घटत जाते. सोयीसाठीं दर लिटरला शंभर रुपये धरला, तर ही शेवटची बचत वर्षाकाठीं सहा हजारांची होते. तेवढ्यासाठीं जो लाख रुपये अधिक मोजील, त्याचे पैसे वसूल होण्यास सोळा वर्षांहून अधिक काळ जाईल. आणि खासगी मोटारीची पहिली नोंदणीच मुळीं पंधरा वर्षांची असते.

शिवाय कंपनी जाहीर करते तो आंकडा प्रयोगशाळेंत, रुळांवर चाकें फिरवून काढलेला असतो. आपल्या रस्त्यांवरील गर्दी, चढ आणि वातानुकूल यंत्र यांमुळें प्रत्यक्षांत तो खालीं येतो. दहा मिनिटांच्या फेरीत तर इंजिन पुरतें तापण्यापूर्वींच घर येतें, आणि थंड इंजिन पेट्रोल अधिक घेतें. आतां पंपावरील पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. एक लिटर इथेनॉलांतील ऊर्जा पेट्रोलच्या मानानें सुमारें एक तृतीयांशानें कमी, म्हणून तेथेंही थोडी घट धरावी. १ एप्रिल २०२३ पूर्वींची गाडी घेतांना पेट्रोलच्या नळ्या व रबरी भाग मेकॅनिककडून अवश्य तपासून घ्यावे.

अंतर थोडें असेल तर डिझेलच्या वाटेस जाऊं नये. २०२० नंतरच्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते. ती स्वच्छ राहण्यास लांबची, एका वेगाची धांव लागते. केवळ भाजी-बाजाराच्या फेऱ्यांनीं ती तुंबते. सी.एन.जी. स्वस्त खरा, परंतु त्याची टाकी आर.सी. बुकांत नोंदलेली आहे काय आणि तिची तीन वर्षांनीं करावयाची दाबाची तपासणी झाली आहे काय, हें पाहिल्यावांचून व्यवहार करूं नये.

येथें एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारींत चालकापुढें एअरबॅग सक्तीची झाली, आणि १ जानेवारी २०२२ पासून त्याच्या शेजारच्या आसनासही. १९८३ च्या डिसेंबरांत आलेल्या मारुती ८०० नें कित्येक घरांस पहिली मोटार दाखविली. २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तिच्याविषयीं जिव्हाळा जरूर असावा, पण नातवंडांस शाळेंत पोंचविण्यासाठीं आज ती घेऊं नये. पेट्रोलचे चार पैसे वांचविण्यापायीं घरच्या माणसांचा जीव पणास लावणें ही काटकसर नव्हे. आणि एअरबॅग असली तरी लहान मुलास पुढच्या आसनावर मांडीवर घेऊन बसूं नये, हें घरांतील सर्वांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां शील. गाडी सकाळीं, इंजिन थंड असतांना पाहण्यास जावें. मालकानें ती आधींच तापवून ठेवली असेल तर पुन्हां जावें. निळसर धूर येत असल्यास इंजिन ऑइल जाळीत आहे, काळा असल्यास पेट्रोल वाजवीहून अधिक जळत आहे, असें समजावें. मीटरवर तीस हजार किलोमीटर दिसत असून पेडलचें रबर गुळगुळीत झालें असेल, तर मीटरापेक्षां पेडलवर विश्वास ठेवावा आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्या. टायरच्या कडेस चार अंक असतात. २३१९ म्हणजे तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा; त्यावर गाळाचे डाग दिसले किंवा पायांखालील गालिच्यास कुबट वास आला, तर गाडी पुरांतून निघाली असण्याचा संभव आहे. २०१९ सालीं सांगली-कोल्हापुरास आणि २०२१ सालीं चिपळुणास महापूर आले. तेव्हां आपल्याकडे ही शंका अनाठायीं नाहीं.

राहिलें कुल. गाडी कर्जावर घेतलेली असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ हवा. मालकी बदलण्यास नमुने २९ व ३० भरावे लागतात. एकाच राज्यांतील व्यवहार असेल तर विकणारानें १४ आणि घेणारानें ३० दिवसांच्या आंत आर.टी.ओ. कडे कळवावयाचें असतें. विम्याचें नांवही १४ दिवसांत बदलून घेण्यास अर्ज करावा. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत मूळ मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाहीं. जुने दंड थकले आहेत काय, हेंही पाहावें.

“ओळखीचाच माणूस आहे, नांव सावकाश बदलूं,” हें वाक्य घरांत कोणी उच्चारलें तर वडिलांनीं तेथेंच हटकावें. एका खटल्यांत विकलेली मोटार पुढें कित्येक हातांतून गेली, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नांवें राहिली. अपघात झाल्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावरच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१८ मध्यें दिला. म्हणून आपली गाडी विकणारानेंही नांव बदलल्याची खात्री होईपर्यंत स्वस्थ बसूं नये.

इतकें पाहून झाल्यावर नांवाचा प्रश्न फारसा कठीण उरत नाहीं. गल्ली अरुंद आणि माणसें तीन-चार असतील तर आल्टो पुरेल. गुडघे दुखणारीं वडील माणसें बसणार असतील तर वॅगन-आर किंवा सँट्रोचें उंच आसन त्यांस सोयीचें पडेल. टियागो, सेलेरिओ याही विचारांत घ्याव्या. ठरविलेल्या रकमेचा दहावा हिस्सा टायर, बॅटरी आणि पहिली सर्व्हिसिंग यांसाठीं बाजूस काढून उरलेल्या पैशांतच सौदा करावा. रंग कोणता, हा वाद मुलांवर सोंपवावा. त्यांत वडिलांनीं पडूं नये.