कांद्याला साठ ग्रे, माणसाला साठ ग्रे

‘किरण मारलेला कांदा बाजारात आलाय, खाल्लात तर कॅन्सर होतो,’ हा निरोप या आठवड्यात पुन्हा फिरायला लागला. सोबत लाल फुलीखालचा कांद्याचा फोटो आणि हात जोडून ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. मला तो पाठवणारे गृहस्थ सिडकोत राहतात, चांगले शिकलेले आहेत. त्यांच्या मेहुण्यांना सध्या आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात रेडिएशन चालू आहे. तिथल्या मशीनबद्दल ते अतिशय आदराने बोलतात. कांद्यावर पडलेले किरण मात्र त्यांना विष वाटतात.

मोबाइल टॉवरवर लिहिलं तेव्हा मला ‘कंपन्यांचा माणूस’ ठरवणाऱ्या वाचकांनी आता कांदा कंपनीचं नाव शोधून ठेवावं.

आपल्या वैजापूरपासून फार लांब नसलेल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प उभा केला. जाड काँक्रीटच्या भिंतींआड कोबाल्ट-६० आणि त्याच्या समोरून सरकत जाणारा माल, एवढाच मामला. कोबाल्टमधून गॅमा किरण निघतात. कांदा, बटाटा, लसूण यांना कोंब फुटू नये म्हणून आपल्याकडच्या नियमांत २० ते २०० ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांचं माप) एवढी मात्रा मान्य आहे. कांद्याचं काम साधारण साठ ग्रेच्या आसपास भागतं.

आता आमखासवर या. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला पूर्ण उपचारात गाठीवर किती मात्रा मिळते? साधारण ६० ते ७० ग्रे. माप तेच आणि आकडाही जवळजवळ तोच. भाभाट्रॉनसारखं कोबाल्टचं मशीन असेल, तर किरणही तेच. आणि काम? तेही तेच. किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात आणि ज्या पेशी भराभर दुभंगत असतात त्यांना ते सर्वात आधी बाधतं. कांद्याच्या पोटात असा उद्योग फक्त कोंबाच्या टोकाशी चालू असतो. तेवढा थांबतो, बाकीचा कांदा जसाच्या तसा राहतो. माणसात तो उद्योग गाठीत चालू असतो.

फरक पडतो तो देण्याच्या रीतीत. कांद्याला सगळं एकदाच मिळतं, त्याची तक्रार नसते. माणसाच्या सर्वांगावर एकाच वेळी चार-पाच ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. म्हणून रोज दोन ग्रे, तेही फक्त गाठीच्या जागेवर, सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे. मधल्या वेळात शेजारच्या निरोगी पेशी आपली डागडुजी करून घेतात, गाठीला ते तितकंसं जमत नाही. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवतात, ती घट्ट झाली की त्या माणसापुरता मुखवटा तयार होतो. रोज तोच चढवायचा, टेबलाला अडकवायचा आणि हलायचं नाही. किरण पडतात ते काही मिनिटंच. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटतं, वरणभातसुद्धा झोंबतो, गळ्याची कातडी काळवंडते. जालना-बीडकडची माणसं ‘शेक घ्यायला आलोय’ म्हणतात आणि निमूट सोसतात.

एवढं घेऊन मेहुणे संध्याकाळी घरी येतात आणि नातवाला मांडीवर घेतात. त्यांच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत, मशीन थांबलं की विषय संपला. कांद्याचंही तसंच. कोबाल्टच्या किरणांत अन्नाला किरणोत्सर्गी करण्याइतकी ऊर्जाच नसते. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० मध्येच दहा हजार ग्रेपर्यंतची मात्रा अन्नाला निर्धोक ठरवली. आपण साठची चर्चा करतोय.

ज्यांना किरणोत्सर्गी वस्तू तोंडात घालायचीच नाही, त्यांच्यासाठी खरी माहिती देतो. तंबाखूच्या पानात पोलोनियम-२१० असतं, अस्सल अल्फा किरण फेकणारं. (हा पुन्हा गुटख्यावर घसरला, असं कोणीतरी म्हणणार. म्हणा.) महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे, फक्त टपरीवाल्यांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. आमखासच्या रांगेतले जबडे कांद्याने सडलेले नाहीत.

कांदा विकिरणावर आक्षेप घ्यायचाच असेल, तर जागा दुसरीकडे आहे. लासलगावचा प्रकल्प कांद्याच्या गावात उभा राहिला आणि नाव झालं ते हापूसमुळे. २००७ मध्ये तिथूनच आंबा अमेरिकेला गेला, तोही ४०० ग्रे घेऊन, म्हणजे कांद्याच्या सहापट. अमेरिकेतली आपली मंडळी तो आनंदाने खातात. कांदा मागे का पडला? कारण विकिरणाने कोंब थांबतो, सड थांबत नाही आणि वजनातली घटही थांबत नाही. शिवाय काढणीनंतर कांदा झोपेत असतानाच, थोड्या आठवड्यांत हे उरकावं लागतं आणि पुढे माल शीतगृहात ठेवावा लागतो. एप्रिलमध्ये चाळ भरून पाऊस आणि भाव यांच्याकडे बघत बसणाऱ्या शेतकऱ्याने तिथवरची वाहतूक, विकिरण आणि शीतगृहाचं भाडं कुठून द्यायचं? ते ज्याला परवडतं तो व्यापारी कांदा दाबून ठेवणार आणि दिवाळीच्या तोंडावर सोडणार. २०२४ मध्ये ‘कांदा महाबँके’ची घोषणा झाली, समृद्धी महामार्गालगत विकिरण केंद्रं काढायची भाषा झाली. त्या घोषणेत किरणांविषयी बरंच होतं. शेतकऱ्याच्या हिशेबाविषयी ऐकायला मी अजून थांबलोय.

तेव्हा वैजापूर, लासूर स्टेशनच्या कांदा उत्पादकांनी बाजार समितीत दोनच गोष्टी विचाराव्यात: क्विंटलमागे खर्च किती, आणि शीतगृह कोणाच्या मालकीचं? उत्तर लेखी घ्या. आणि तो लाल फुलीचा फोटो मला पाठवू नका.