भीती मुलाची, जबाबदारी सर्वांची

थॅलॅसेमियाच्या तीव्र प्रकाराने ग्रासलेल्या बालकाला साधारणपणे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच त्याने पन्नासएक वेळा सुई सोसलेली असते. पांढरा डगला दिसताच ते आईला बिलगते, त्याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे.

तरीही घरोघरी 'रडलास तर डॉक्टर सुई टोचतील' असा धाक घातला जातो आणि रुग्णालयात 'काही दुखणार नाही' असे खोटे सांगितले जाते. धाकाने भीती वाढते, खोटेपणाने विश्वास उडतो. 'थोडे दुखेल, पण मी जवळ आहे' हे सत्य लहान मूलही पेलू शकते. बाहुलीला सुई देण्याचा खेळ, कोणता हात पुढे करायचा याची निवड, त्वचा बधिर करणारे मलम आणि आईची मांडी यांनी भीती पुष्कळ हलकी होते.

परंतु रोजंदारी बुडवून आलेल्या आईला दाराबाहेर थांबविले जात असेल, तर हे घडावे कसे? ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयातील एकाकी बालकाची व्यथा चित्रपटातून दाखविली. १९५९ मध्ये प्लॅट समितीने पालकांना मुक्त प्रवेशाची शिफारस केली. तरीही अनेक रुग्णालयांची दारे बंदच राहिली. १९६१ मध्ये माता संघटित झाल्या, तेव्हा ती हळूहळू उघडू लागली.

आपल्या सरकारी रुग्णालयांतही हाच आग्रह कार्यकर्त्यांनी धरला पाहिजे. मुलाजवळची आईची जागा हा उपचाराचाच भाग आहे. ती मेहेरबानी म्हणून मागण्याचे कारण नाही.