तेवीस किलोंतले दोन किलो

आमच्या गल्लीत वर्षातून दोनदा एक वजनकाटा घरोघर फिरतो. हुकाला बॅग अडकवून उचलायची, की आकडा दिसतो, तसला. एकदा तो जुलै-ऑगस्टमध्ये फिरतो, तिकडच्या शाळा उघडण्याच्या सुमारास, आणि दुसऱ्यांदा डिसेंबर सरता सरता. काटा ज्या घरी गेला त्या घरची मुले परत निघाली, असे खुशाल समजावे. मग त्या घरी रात्री बारापर्यंत दिवा असतो. सोप्यात बॅगा आ वासून पडलेल्या असतात, आई स्वयंपाकघरातून एकेक पिशवी आणून ठेवत असते आणि वडील काट्याचा आकडा मोठ्याने वाचत असतात. माणशी दोन बॅगा, बॅगेला तेवीस किलो. पूर्वी बत्तीस किलो चालत, ही हळहळ प्रत्येक घरी एकदा तरी ऐकू येते.

त्या बॅगांत काय जाते, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. गोडा मसाला जातो. संकेश्वरी मिरचीचे तिखट जाते. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, डांगर, आमसुले, सांडगी मिरच्या, पोह्याचे पापड, आणि कुरडया, त्याही मोडू नयेत म्हणून साड्यांच्या घडीत. लिंबाचे लोणचे तीन पिशव्यांत बांधून वर टॉवेल गुंडाळून जाते. पुरणयंत्र जाते, चकलीचा सोऱ्या जातो. कुंदा टिकत नाही म्हणून तो शेवटच्या दिवशी आणायचा, आणि हातातल्या पिशवीत द्यायचा.

या यादीची थट्टा करणारे लेख पुष्कळ येऊन गेले. मी आज थट्टा करायला बसलेलो नाही. माझी सरळ तक्रार आहे, आणि तिच्यातला पहिला आरोपी मीच आहे. तक्रार अशी की, या शेहेचाळीस किलोंत मराठीचे एक पानही जात नाही. गेलेच तर ते पापडाभोवती गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचे.

आधी माझा गुन्हा सांगतो. तीन वर्षांपूर्वी मुलगा, सून आणि नात सुट्टी संपवून न्यू जर्सीला परत निघाले. नात तेव्हा सहा वर्षांची. मी तिच्यासाठी पुस्तकांच्या दुकानातून एक अंकलिपी, बडबडगीतांचे एक चित्रमय पुस्तक आणि बिरबलाच्या गोष्टी आणल्या होत्या. मुलासाठी प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’ घेतले होते. बेळगावच्या मुलाने परदेशात लंपन वाचावा, एवढीच इच्छा. सगळे मिळून दीड किलोही नसेल. बॅग काट्याला लावली, आकडा चोवीसच्या पुढे गेला. काहीतरी काढणे भाग होते. आतून आवाज आला, “अहो, भाजणी काढू नका हं. मी दोन दिवस खपून केलीय.” मी भाजणी काढली नाही. पुस्तके काढली. कोणी सांगितले नव्हते, माझ्याच हाताने काढली. नात शेजारी उभी होती. ती म्हणाली, “आजोबा, ते माझा आहे ना?” मी म्हणालो, “पोस्टाने पाठवतो हं बाळ.”

पाठवली नाहीत. पार्सलचा खर्च पुस्तकांच्या किमतीपेक्षा जास्त आहे असे कळले आणि मी गप्प बसलो. ती चारही पुस्तके आजही माझ्या कपाटात आहेत. नात आता नऊ वर्षांची झाली. अंकलिपीचे वय गेले.

हे केवळ माझ्याच घरी घडले असते तर मी ते छापायला दिले नसते. पण त्यानंतर मी मुद्दाम विचारत गेलो, आणि घरोघर तेच ऐकत गेलो. वजन वाढले की पहिले बाहेर येते ते पुस्तक. पुस्तक जड असते, चौकोनी असते, दाबून बसवता येत नाही, आणि ते काढले म्हणून कोणाची आई रुसत नाही.

आता थोडा विचार करू. तिकडे मिळत नाही ते पाठवावे, हा बॅग भरण्याचा साधा नियम. या नियमाने पाहिले तर आम्ही भरतो ते बहुतेक तिकडे मिळते. न्यू जर्सीत ओक ट्री रोड नावाचा रस्ता आहे. तिथे हिंदुस्थानी वाणसामानाची दुकाने एकाला एक लागून आहेत. पोहे, साबुदाणा, मसाले, पापड, लोणची सगळे मिळते. माझाच मुलगा म्हणाला, “बाबा, भाजणीसुद्धा मिळते हो तिथे.” पण सहा वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायचे मराठी चित्रांचे पुस्तक मागायला तो कोणत्या दुकानात जाणार? म्हणजे जे तिथे मिळते ते आम्ही छातीशी धरून पाठवतो आणि जे मिळत नाही ते काढून कपाटात ठेवतो.

यावर उत्तर येईल की, दुकानातली भाजणी आणि आईच्या हातची भाजणी एक नव्हे. मान्य. अगदी मान्य. आईच्या हाताला तोड नाही, आणि ती चव पोरांना मिळू नये असे कोण म्हणेल? माझे म्हणणे एवढेच की, पाच किलोंची भाजणी चार किलो झाली म्हणून आईची माया किलोभर कमी होत नाही.

आणि नियम तरी आम्हाला किती तोंडपाठ! खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, तेलामुळे त्या पेट घेण्याचा धोका असतो, हे आमच्या गल्लीतल्या सत्तर वर्षांच्या आजीबाईंना ठाऊक आहे. आखातात जाणाऱ्याच्या सामानात खसखस चुकूनही राहू द्यायची नाही, तिथे ती अफूच्या हिशेबात धरतात आणि तुरुंगाची वेळ येते, हेही ठाऊक आहे. इथला तांदूळ प्रवाशाला २०११ पासून अमेरिकेत सोबत नेता येत नाही, कारण खाप्रा किड्याची त्यांना धास्ती, हेसुद्धा ठाऊक आहे. पण बिरबलाच्या गोष्टींना अमेरिकेच्या कस्टमवाल्याने हरकत घेतल्याचे मी अजून ऐकलेले नाही. हरकत आपल्याच सोप्यात घेतली जाते.

एक बारीकशी गोष्ट सांगतो. पूर्वी मी प्रत्येक पुडीवर चिठ्ठी चिकटवून मराठीत नाव लिहीत असे: मेतकूट, भाजणी, आमसूल. एके वर्षी सुनबाई संकोचत म्हणाल्या, “बाबा, इंग्रजीत लिहाल का? तिथल्या अधिकाऱ्यांना कळायला हवं.” त्यांचे बरोबरच होते. मी इंग्रजीत लिहू लागलो. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आले की त्या दोन बॅगांत देवनागरी अक्षर म्हणून जे काही जात होते ते त्या चिठ्ठ्यांवरच होते.

दुसरी हरकत जास्त ऐकू येते. “काका, पुस्तके देऊन काय उपयोग? पोरांना वाचता कुठे येते?” येत नाही हे खरे. पण वाचता येत नाही म्हणून पुस्तक द्यायचे नाही, आणि पुस्तक नाही म्हणून वाचता येत नाही, हे चक्र कोणी तोडायचे? पोहता आल्याशिवाय विहिरीत उतरू नको असे सांगून कोणाचे पोर पोहायला शिकले आहे? शिवाय बडबडगीत पोराने वाचायचे नसते, आईबापाने मांडीवर घेऊन म्हणायचे असते. आणि आमच्या पोरांना, म्हणजे त्या आईबापांना, मराठी उत्तम वाचता येते. ते आम्हीच शिकवलेले आहे.

तिसरी हरकत नव्या काळाची. सगळे आता पडद्यावर मिळते, कागद कशाला वाहायचा? पडद्यावर मिळते हे खरे, पण मागितले तर मिळते. जे पोर मराठी मागणारच नाही त्याच्यापुढे पडदा मराठी आणून ठेवत नाही. घरात पडलेले पुस्तक न मागता दिसते. पावसाच्या दिवशी, कंटाळ्याच्या दुपारी ते हाताला लागते. आमच्यातले कितीजण असेच वाचायला लागले, ते आठवून पाहावे.

आता मुद्द्याचे बोलतो, कारण हा अंक बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत वाचला जातो. आम्ही सीमाभागातली माणसे भाषेसाठी भांडलो, असे सांगतो. १७ जानेवारीला १९५६ सालच्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. बेळगावच्या १९४६ सालच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे अभिमानाने सांगतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांत संमेलने भरवतो, खुर्च्या वाहतो, जेवणावळी घालतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले, मीही खाल्ले. दुकानाच्या पाटीवर मराठी हवी, बसच्या फलकावर मराठी हवी, सरकारी कागदावर मराठी हवी. या मागण्यांत चूक काही नाही. मी स्वतः त्यांसाठी रस्त्यावर उभा राहिलेला आहे.

पण सरकारने मराठी पाटी लावली नाही म्हणून ओरडणारा मी, नातीच्या बॅगेतून मराठी अंकलिपी काढतो. रविवारी सकाळी फोनवर ती दिसली की मी, आयुष्यभर मराठीत वाढलेला माणूस, तिला विचारतो, “हाऊ वॉज स्कूल?” का? तर तिला सोपे जावे म्हणून. इथे कोणते सरकार आडवे आले? कोणती सक्ती झाली? सरकारकडे मागायचे ते मागूच. पण जे कोणाकडे मागावे लागत नाही, ते तरी आपण देतो का?

कन्नडशी माझे भांडण नाही. आमच्या भागात एकाच ओट्यावर दोन्ही भाषा नांदतात, आणि माझ्या शेजारच्या कन्नड घरातल्या बॅगाही मी पाहिल्या आहेत. शेंगदाण्याची चटणी, कडक भाकऱ्या, गोकाकचा करदंट. पुस्तक तिथेही दिसले नाही. तेव्हा हे बोलणे त्यांच्यासाठीही आहे.

मराठी माणूस घर सोडून दूर गेला, हे काही आजचे नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर मराठे तंजावरला गेले. तिथल्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखितांचा मोठा साठा आहे, सरफोजीराजांच्या काळात तो ग्रंथसंग्रह नावारूपाला आला. तंजावरच्या मराठी घरांत आजही एक जुनी, गोड मराठी बोलली जाते. पण लिहिणे-वाचणे तमिळमध्ये गेले, आणि त्यामुळे आपल्याच वाडवडिलांच्या त्या पोथ्या त्यांतल्या अनेकांना परक्या झाल्या. बोली तीनशे वर्षे टिकली, अक्षर सुटले. तिकडे बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० च्या सुमारास ग्रंथालयांची चळवळ उभी केली. मध्यवर्ती ग्रंथालयात गुजरातीच्या जोडीला मराठी पुस्तके ठेवली आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठवण्याची व्यवस्था केली. वाचक येत नसेल तर पुस्तकाने पेटीत बसून त्याच्या दारी जावे, हे त्या राजाला शंभर वर्षांपूर्वी सुचले. आमच्या दारी तर पेटी उघडी पडलेली असते, आणि आम्ही तिच्यातून पुस्तक बाहेर काढतो.

तिकडे गेलेली सगळीच मंडळी उदासीन आहेत असेही नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आधाराने अमेरिकेत कितीतरी गावी सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरतात. आईबाप आपला वेळ खर्चून, पगार न घेता शिकवतात. त्या शाळेतून घरी आलेल्या पोराला घरात वाचायला काय आहे, हा प्रश्न उरतो. तो त्यांचा जेवढा, तेवढाच बॅग भरणाऱ्यांचा.

म्हणून माझे मागणे थोडे आहे. माणशी एका बॅगेतले दोन किलो पुस्तकांना द्या. तेवीसातले दोन. आणि ते शेवटी द्यायचे नाहीत, पहिल्यांदा भरायचे. तळाला पुस्तके, त्यावर कपडे, त्यावर पुड्या. मग काटा लावा, आणि जे जास्त होईल ते वरचे काढा. पोर लहान असेल तर अंकलिपी आणि बडबडगीते, मोठे असेल तर गोष्टी, आईबापाला लंपन. आणि १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक असण्याची आपली रीत आहे, तर चिवड्याच्या पिशवीबरोबर हा अंकही घाला. अर्धा किलोही भरणार नाही.

येत्या डिसेंबरात आमच्याकडे पुन्हा काटा येईल. कपाटातली अंकलिपी आता मी शेजारच्या नातवाला दिली, तो निघाला आहे टेक्सासला, चार वर्षांचा आहे. नातीसाठी नवी पुस्तके आणली आहेत. घरात सांगून ठेवले आहे की या खेपेला भाजणी किलोभर कमी. “बघू,” असे उत्तर मिळाले आहे.