खाल्ल्या मिठाला कोण जागले?

कामगार बंधूंनो, संपाची भाषा काढली की गिरणीमालकांचा टोमणा ठरलेला: “खाल्ल्या मिठाला जागा!” ठीक आहे. मग ते मीठ पिकविणारा कोण, याचीही चौकशी होऊ द्या.

त्याचे नाव लोणारी. संस्कृत ‘लवण’, प्राकृतात झाले ‘लोण’, आणि ते काढणारा तो लोणारी. घरातले लोणचे त्याच लोणाचे, अन् मीठ विसरलेली भाजी अळणी, म्हणजे अलवण. (‘मीठ’ तर ‘मिष्ट’वरून, म्हणजे गोडावरून आले. गरिबाच्या भाकरीला गोडी कशाने येते ते मराठीला बरोब्बर कळले!) बुलढाण्यातल्या लोणारच्या तळ्यातून खार निघे, तो काच नि साबण करायला कामी येई. पुराण म्हणते, गावाचे नाव लवणासुरावरून पडले. श्रेय द्यायला राक्षस सापडला, खार उपसणारा माणूस नाही सापडला!

कोकणात हाच माणूस आगरात राबतो म्हणून आगरी. अन् बैलांच्या पाठीवर मीठ घालून घाट चढणारे ते लमाण. आपल्या नांदेड-लातूरकडचे तांडे त्यांचेच. ‘लमाण’ हेही लवणातूनच आले असे पुष्कळ जाणते मानतात, आम्हालाही ते पटते.

१९५६ पूर्वी कोकण मुंबई राज्यात, लोणार मध्य प्रदेशात, नांदेड-लातूर हैद्राबादेत. मिठाच्या शब्दाने या हद्दी कधी जुमानल्या? ‘मराठी राज्याचा नकाशा आणलात कुठून’ असे हिणवणाऱ्यांनी लमाणाच्या बैलामागून एकदा चालायला हवे होते.

पुढे इंग्रजाने मिठावर कर बसविला, आपल्या हाताने मीठ करणे गुन्हा ठरला. १९३० साली शिरोड्याला नि वडाळ्याला लोकांनी लाठ्या खाऊन मीठ उचलले. लोणारी मात्र चुन्या-कोळशाच्या भट्टीवरच राहिला. धंदा गेला, शब्द जातीच्या रकान्यात पडला.

आता आपली पाळी. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीचा भोंगा कधीच बंद पडला. १ मे १९६० ला राज्य मिळाले, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी ‘अभिजात’ ठरली, हारतुरे झाले. त्या अभिजात मराठीत साचा, बाबीण, जॉबर, बदलीवाला यांना जागा आहे का? नांदेडात १९९४ पासून विद्यापीठ आहे. आमची मागणी साधी आहे: त्याने पोरांना वही देऊन भट्टीवर, तांड्यावर, बंद गिरणीच्या चाळीत धाडावे, तेही म्हातारी माणसे बोलती आहेत तोवर.